रवंथ सुरू होईपर्यंत

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंद्रुडला एका विद्यार्थ्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. पानात नुकतीच बुंदी पडली होती. फोन रेणुकाचा होता. आमच्या संशोधन केंद्राच्या प्राणीगृहात मन्मथच्या हाताखाली काम करणारी जनावरांची डॉक्टर. "सर, आमचे सर गेले," एवढंच ती आधी म्हणाली, मग तुटक तुटक बाकीचं. सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता छातीत कळ आली, शेजारच्यांनी गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं... अशा वेळी माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं, ते त्याच्या हातात नसतं. माझ्या मनात माझे वडील आले. आता हे आबांना कोण सांगणार, हा पहिला विचार. आणि त्याच्या पाठोपाठ, पानातल्या बुंदीकडे बघत असताना, दुसरा. मी गेलो असतो तर आबांना एवढं लागलं असतं का?

मन्मथवर लिहा म्हणून मला सांगण्यात आलं, कारण मी त्याचा लहानपणापासूनचा मित्र. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती रीत मला ठाऊक आहे आणि जमतेही, दोन-चार निरोप समारंभांत मी तशी भाषणं केलेली आहेत. पण मन्मथच्या बाबतीत तसं लिहिलं तर तोच वरून म्हणेल, "बे दत्त्या, खोटं कावून बोलतोस?" म्हणून सरळ लिहितो. मन्मथ चांगला माणूस होता आणि मला त्याचा हेवा वाटायचा. तो गेल्यावर हेवा जाईल असं वाटलं होतं. गेला नाही.

लग्नातून मी तसाच सिरसाळ्याला गेलो. मन्मथ लिंगायत, पेठेतल्या पेंडवाल्या शेठजींचा धाकटा मुलगा. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि आडवं न ठेवता बसवून पुरतात. मला हे माहीत होतं, त्याच्या वडलांच्या वेळीही मी गेलेलो होतो. तरी मन्मथला तसं मांडी घालून बसलेला बघितलं आणि माझे पाय थबकले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगावर बेलाची पानं, मान किंचित कलती. शेकडो वेळा मी त्याला अगदी तसाच बसलेला पाहिला होता, मेंढ्यांच्या समोर. जंगम स्वामी मंत्र म्हणत होते, बायका रडत होत्या, आणि माझ्या मनात येत होतं की आता हा उठेल आणि म्हणेल, चला, लागला रवंथ, घ्या सुई. माती टाकताना माझ्या हातून मूठ लवकर सुटली नाही. रडलो म्हणून नव्हे. आम्हा धनगरांना आडवंच जावं लागतं आणि याला बसून जाता आलं, याचंही त्या क्षणी मला वैषम्य वाटलं. हेव्याला जागा-वेळ कळत नाही.

हा बसण्याचा प्रकार काय, ते सांगायला मागं जावं लागेल. आमच्या घरी मेंढरं होती. आबा, चुलते, आजा, सगळ्यांचं आयुष्य कळपामागं गेलं. दिवाळीनंतर आम्ही लांब जायचो, रानं मोकळी झाली की शेतकरी त्यांच्या वावरात मेंढरं बसवायला बोलवायचे, लेंडीखतासाठी. पावसाळ्यात परत सिरसाळ्याच्या बाजूला. मला आईनं शाळेसाठी मामाकडं ठेवलं. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, डॉक्टरेट झालेला तर पंचक्रोशीतला पहिला धनगर. हे मी कुठंही छाती काढून सांगतो, इथंही सांगतो. मन्मथ माझ्याच वर्गात होता. मी पहिला यायचो, तो दुसरा. दहावीपर्यंत एकदाही ही उतरंड बदलली नाही. हेही लिहून ठेवतो, कारण आता साक्ष द्यायला तो नाही.

त्याच्या वडलांचं पेठेत सरकी-पेंडीचं दुकान होतं. आमची मेंढरं गावाजवळ असली की पेंडीचं पोतं घेऊन सायकलवर मन्मथ यायचा. पोतं टाकायचं आणि निघायचं, एवढंच त्याचं काम. पण तो निघायचा नाही. आबा कळपाच्या कडेला घोंगडीवर बसलेले असायचे, हा त्यांच्या बाजूला जाऊन बसायचा. दोघं काही बोलायचेही नाहीत फार. मी पुस्तक घेऊन वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, अलीकडं अभ्यास करत असायचो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो. माझ्या बापाला तो आबाच म्हणायचा. मी त्याच्या बापाला शेठजी म्हणायचो. एवढ्या एका गोष्टीत सगळं आलं, पण तेव्हा मला ते असं सांगता आलं नसतं. फक्त पुस्तकातली एकच ओळ मी परत परत वाचत राहायचो.

आबांची एक सवय होती. एखाद्या मेंढीचं खूर बघायचं असो, लोकर कातरायची असो, औषध पाजायचं असो, ते कळपात जाऊन आधी खाली बसत. मेंढरं दचकून लांब सरकत, मग हळूहळू परतत, मग एकेक करून खाली टेकत आणि रवंथ करायला लागत. त्यानंतर आबा उठत, अगदी सावकाश, आणि हव्या त्या मेंढीपाशी जात. बाकीचे धनगर तंगडी धरून ओढायचे, काम पटकन व्हायचं. आई वैतागायची. "तुमाला काय मेंढरं गोष्टी सांगत्यात का?" म्हणायची. मीही वैतागायचो, कारण कातरणीच्या दिवसांत आमचं काम सगळ्यांत शेवटी संपायचं. मन्मथ वैतागायचा नाही. त्याला काय, घरी जाऊन आयतं जेवायचं होतं.

पुढं मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, तो जनावरांचा डॉक्टर झाला, आणि फिरून फिरून दोघं एकाच ठिकाणी आलो. आपल्याच जिल्ह्यात विद्यापीठाचं एक लहानसं संशोधन केंद्र आहे, तिथं मी प्राध्यापक आणि तो प्राणीगृहाचा प्रमुख. प्राणीगृह म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं पिंजरे येतात. आमच्याकडं उंदीर आहेत, ससे आहेत आणि मागच्या मोकळ्या आवारात थोड्या मेंढ्या. मेंढ्या कशाला, असं सगळे विचारतात. घसा सुजलेल्या किंवा जखम चिघळलेल्या माणसाचा नमुना आला की त्यात कोणते जंतू आहेत ते ओळखायला, त्यांना वाढवायचं एक माध्यम बनवावं लागतं आणि त्यात मेंढीचं ताजं रक्त मिसळावं लागतं. मानेच्या शिरेतून थोडंसं काढायचं, मेंढीला काही होत नाही. धनगराच्या पोरानं मोठा शास्त्रज्ञ व्हायचं आणि पुन्हा मेंढीपाशीच यायचं, यावर आमचे सहकारी विनोद करायचे. मलाही तो आवडायचा. त्या केंद्रात मेंढीबद्दल शेवटचा शब्द माझा असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

तो शब्द मन्मथनं घेतला. प्राण्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नीती समिती असावी लागते. कुठलाही प्रयोग करायचा तर आधी तिच्यापुढं जायचं. प्राण्याशिवाय भागेल का? भागत नसेल तर कमी प्राण्यांत होईल का? आणि जे करायचंच आहे त्यातला त्रास कमी कसा होईल? या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय परवानगी नाही. पुष्कळ ठिकाणी ही समिती चहा-बिस्किटांपुरती असते, असं मी ऐकून आहे. आमच्याकडं मन्मथ होता. त्यानं केंद्राच्या मूळ नियमांत आमच्या मेंढ्यांपुरती आपली भर घातली आणि आवाराच्या दारावर खडूनं फळ्यावर लिहून ठेवली. मेंढी एकटी ठेवायची नाही, तिला दुसरी मेंढी दिसली पाहिजे. ओळख नसलेल्या माणसानं सुई हातात घ्यायची नाही. काम संपलेल्या जनावराला चांगलं घर शोधून द्यायचं. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत... ती बसून रवंथ करायला लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

मी पहिल्यांदा तो फळा वाचला आणि कुणीतरी माझ्या घरातलं भांडं दुकानात मांडलंय असं मला झालं.

मग तो दिवस आला. मुख्य विद्यापीठातून दोन ज्येष्ठ प्राध्यापक आमची प्रयोगशाळा बघायला आले होते. रक्ताचं माध्यम कसं बनतं ते मी त्यांना सुरुवातीपासून दाखवणार होतो. हे माध्यम गरम असताना पातळ असतं, कोमट झालं की त्यात रक्त मिसळायचं, त्याहून निवलं की थिजतं आणि खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. मी वेळेचा हिशेब बांधून भांडं आवारात मागवलं होतं. विद्यार्थी रांगेत उभे. आणि मेंढी खाली बसेना. शेजारी नव्या इमारतीचं काम चाललं होतं, लोखंड कापायचा आवाज येत होता, आणि कळपातली एकही मेंढी टेकत नव्हती. मन्मथ मात्र आपला घोंगडीवर मांडी घालून.

"मन्या, माध्यम थिजतंय," मी म्हणालो.

"थिजू दे."

"पाहुणे थांबलेत."

"त्यांना खुर्च्या दे. बसलेला माणूस बघितला की त्या बी बसत्यात."

"अरे, मी धनगर आहे. मला मेंढी शिकवतोस का तू?"

तो वळलासुद्धा नाही. म्हणाला, "तुला मी काय शिकवू बे. तुझ्या बापानं मला शिकवलं, तेवढं करतोय."

पाहुणे हसले. विद्यार्थीही हसले. मग त्यानं त्या दोघांना आबांची सगळी गोष्ट सांगितली, ते कसे कळपात बसायचे, कसे थांबायचे, सगळं नावानिशी. माझ्या बापाला त्यानं माझ्याच विरुद्ध साक्षीला उभं केलं. आणि मजा म्हणजे सांगत होता सुंदर. मला तसं सांगता आलं नसतं. मी बोललो असतो तर म्हातारा वेळ घालवायचा असंच काहीतरी बोललो असतो. माध्यम थिजलं. मेंढ्या संध्याकाळी, कामगार गेल्यावर बसल्या, तोवर पाहुणेही गेले होते. जाताना त्यांतल्या एकांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या वडलांना भेटायला आवडेल." माझं नऊ वर्षांचं काम भिंतीवर लावलेलं होतं, त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

मी त्या दिवशी मन्मथशी भांडलो आणि माझं म्हणणं आजही तेच आहे. काम अडवायची गरज नव्हती. उभ्या मेंढीचं रक्त आणि बसलेल्या मेंढीचं रक्त, माध्यम ओततात त्या काचेच्या प्लेटमध्ये सारखंच दिसतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "प्लेटमध्ये सारखंच दिसतं रे. मेंढीत न्हाई." काही उत्तरं अशी असतात की ती सुचल्याबद्दलच समोरच्याचा राग येतो.

त्याच रविवारी मी गावी गेलो आणि आबांना गाठलं. ते आता थकलेत, पण तेव्हा हिंडत-फिरत होते. मी सरळ विचारलं, "आबा, तुमी मेंढरं रवंथ करेपर्यंत बसून ऱ्हायचे, ते कावून?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "गुडघा दुखायचा," म्हणाले.

"एवढंच?"

"मग काय? दिसभर चालून चालून गुडघ्याचा पार भुगा व्हायचा. उठू वाटायचं न्हाई."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. सोमवारी मी प्राणीगृहात गेलो आणि रेणुकासमोर, मुद्दाम तिच्यासमोर, मन्मथला सांगितलं की तुझ्या त्या थोर नियमाचा उगम म्हाताऱ्याच्या गुडघ्यात आहे. मन्मथ पोट धरून हसला. त्याचं हसणं थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "असू दे. गुडघ्यातून का होईना, आला तर खरा." आणि फळ्यावरचा तो नियम पुसट झाला होता तो त्यानं खडूनं पुन्हा गिरवला. मी जिंकून आलो होतो आणि हरून परत गेलो. पुढं दुसऱ्या केंद्रांतून त्याला बोलावणी यायला लागली, आमच्याकडच्या लोकांना येऊन सांगा म्हणून. "बसू द्यायचा नियम" म्हणत सगळे त्याला. तो जिथं जाईल तिथं आबांचं नाव घ्यायचा, हे मला लोक येऊन सांगत. चोरी केली असती तर मला बोलता आलं असतं. त्यानं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

आई गेल्यावर आबांनी कळप विकला. मागं फिरायला कुणी नव्हतं. मी त्यांना घरात टीव्ही घेऊन दिला, खोलीला फरशी केली, फोन दिला. आबा टीव्हीकडं पाठ करून अंगणात बाजेवर बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पोरानं लई केलं. मुलगा म्हणून मला यापुढं काय करायचं ते सुचत नव्हतं. आणि एक दिवस मन्मथ टेम्पोत दोन मेंढ्या घेऊन दारात हजर. वय झालेल्या मेंढ्या, रक्तासाठी आता घ्यायच्या नाहीत म्हणून समितीनं मोकळ्या केलेल्या. कानात केंद्राचे बिल्ले तसेच. नियमच होता, काम संपलेल्या जनावराला घर शोधायचं, आणि त्यानं माझं घर शोधलं होतं. मला विचारलंही नव्हतं. "तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाला असतास," म्हणाला. बरोबर होतं ते.

पण जनावर देण्याआधी जागा तपासायची, हाही नियम. म्हणून तो गोठा बघत फिरला, पाण्याची कुंडी बघितली, छपराखाली हात घालून जमीन कोरडी आहे का ते बघितलं. मग आबांना गंभीरपणे म्हणाला, "आबा, दुपारची सावली कुठवर येती?"

आबा म्हणाले, "तुझा बाप पेंड मापात मारायचा, तवा न्हाई आलास तपासायला."

"ते माप मीच धरायचो, आबा."

"म्हणूनच म्हणतो."

दोघंही हसत सुटले. धनगराला मेंढ्या सांभाळता येतात का, याची परीक्षा पेंडवाल्याचा पोरगा घेत होता आणि धनगर ती हौसेनं देत होता. सावली कुठवर येते ते आबांनी काठीनं रेघ ओढून दाखवलं. विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, आजारी पडल्या तर कळवायचं, असं सगळं त्यांनी शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलं. मी दारात उभा होतो. माझ्या घरच्या दारात, पाहुण्यासारखा.

त्या दिवशी निघताना आबांनी त्याला घोंगडी दिली. म्हणजे ती घोंगडी, ज्यावर ते आयुष्यभर बसले. आमच्याच मेंढरांची काळी लोकर, सणगरानं विणलेली, कडेला आईनं दोनदा शिवलेली. आमच्यात बापाची घोंगडी मुलाकडं जाते. दुसरं काही जात नाही बहुतेक घरांत, कारण दुसरं काही नसतं. मी एकुलता एक. मन्मथ घेईना. म्हणाला, "आबा, ही दत्त्याची." आबा म्हणाले, "दत्ताकडं कपाटात ऱ्हाईल, डांबराच्या गोळ्या टाकून. घोंगडीला लेंडीचा वास लागतो, न्हाई तर मरती ती." मन्मथनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, घे. दुसरं काय म्हणणार होतो? त्यानं ती घेतली आणि प्राणीगृहात मेंढ्यांच्या आवारातल्या खुंटीला लावली. त्याची जुनी घोंगडी त्यानं रेणुकाला दिली. रोज ती खुंटीवरची घोंगडी बघत मी त्या दारावरून जायचो. प्रयोगशाळेला दुसरा रस्ता आहे, लांबचा. पण मी तिथूनच जायचो.

त्यानंतर दर महिन्याला एका रविवारी तो आबांकडं यायचा. नियमानं दिलेल्या जनावराची विचारपूस करायची असते ना! मला आठवडाभर आधी सांगायचा, "येतोस का? तिघं बसू." मी कधी गेलो, कधी नाही. गेलो की ते दोघं बाजेवर, आबा पायथ्याकडं, तो उशाकडं भिंतीला टेकून, आणि मी समोर खुर्चीत. खुर्ची माझ्यासाठी आबा शेजारच्या चुलतभावाच्या पोरीकडून मुद्दाम आणवायचे. प्राध्यापक माणूस म्हणून.

अंत्यविधी उरकून मी आबांच्या घरी, गावाबाहेरच्या वस्तीवर पोचलो तर बातमी अजून तिथं आली नव्हती, आबा अंगणात होते. दोन्ही मेंढ्या त्यांच्या पायाशी. मी शब्द जुळवत होतो. आबांनीच विचारलं, "मन्मथ कवा यायचाय ह्या बारीला?" मी सांगितलं. ते एका मेंढीच्या कानातला बिल्ला बोटांनी फिरवत राहिले. मग म्हणाले, "बसवलं का नीट?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. ज्या प्रश्नाचं मी दिंद्रुडपासून ओझं घेऊन आलो होतो, त्याला उत्तरच आलं नाही. चार-पाच दिवस ते जेवायला मात्र धड बसले नाहीत, आणि मी ते घास मोजत होतो. हो, मोजत होतो.

पंधरवड्यानं मी विषय काढला. "आबा, तुमची घोंगडी तिथं खुंटीला हाय. आणू का?"

"आणून काय करतोस?"

"माझी हाय ती."

"हाय की," आबा म्हणाले. "पर तुला बसता येतं का?"

"म्हंजे?"

"तो कदी इचारायचा न्हाई. बसायचा. तू हुभ्यानंच इचारतोस सगळं." आणि मग चिडवल्यासारखं हसून, "जा, आण. तुझी हाय."

दुसऱ्या दिवशी मी कामाची बॅग खांद्यावर तशीच ठेवून मेंढ्यांच्या आवारात गेलो. रेणुका तिथं होती, सुई-बाटली मांडून. मी म्हणालो, वडलांची घोंगडी न्यायला आलोय. तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "न्या ना सर, तुमचीच आहे. फक्त आज नमुना घ्यायचाय. सर गेल्यापासून माझ्या घोंगडीवर बसून बघते, ह्या बसतच नाहीत. दोनदा परत गेले मी. सरांचीच अंथरून बघू का एकदा? मग घेऊन जा." मग जरा अडखळत म्हणाली, "तुम्ही बसता का? मला तेवढ्यात तयारी करता येईल."

मी बसलो. बूट काढले, बॅग बाजूला ठेवली आणि बापाच्या घोंगडीवर मांडी घातली. मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा होऊन माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतली ती आडवी बाहुली मी लहानपणापासून बघतोय, पण तिच्यापुढं असा परीक्षेला कधी बसलो नव्हतो. खिशात फोन वाजला, सगळ्या मागं सरल्या. मी फोन बंद केला. मग घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं. माझा तास होता, विद्यार्थी वाट बघत असतील, हे आठवत होतं आणि हळूहळू आठवायचं थांबलं. घोंगडीला लेंडीचा वास होता, थोडा आबांचा, थोडा खडूचा. मन्मथ रोज इथं बसून काय बघत असेल, असं मनात आलं. समोर फक्त भिंत आहे आणि मेंढ्या. कुठल्याच बाजूला बघण्यासारखं काही नाही. मग एक म्हातारी मेंढी पुढं आली, घोंगडीच्या कडेला, आईनं शिवलेल्या जागी, तिनं नाक लावलं आणि पुढचे पाय दुमडून तिथंच खाली टेकली. तिच्यामागं दुसरी. तिसरी. आणि जबडे फिरायला लागले, तो खसखस आवाज... लहानपणी त्या आवाजात मी पुस्तकं पाठ केली होती आणि तो कधी ऐकला नव्हता.

त्या माझ्यासाठी बसल्या नाहीत. घोंगडीसाठी बसल्या, मन्मथच्या आणि आबांच्या वासासाठी. मला ते कळत होतं आणि सलतही होतं. रेणुका आली, गुडघ्यावर टेकून सावकाश आपलं काम करून गेली, म्हातारीनं रवंथ थांबवलासुद्धा नाही. मी उठलो तेव्हा खरोखरच पायाला मुंग्या आल्या होत्या आणि डावा गुडघा ठणकत होता. घोंगडी झटकली आणि खुंटीला लावली. रेणुका नमुना ठेवून परत आली होती. मी म्हणालो, "अधूनमधून उन्हात टाकत जा. गोळ्या नका टाकू."

त्या रविवारी गावी गेलो. आबा बाजेवर पायथ्याकडं बसले होते, मेंढ्या छपराच्या सावलीत, त्यांनी काठीनं आखलेल्या रेघेच्या आत.

"आणली का?"

"न्हाई."

"कावून?"

काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं, चांगली दोन वाक्यं जुळवली होती. ती बाजूलाच राहिली.

"बसलो व्हतो," मी म्हणालो. "गुडघा दुखायला लागला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. हसले नाहीत. चुलतभावाच्या पोरीनं सवयीनं माझ्यासाठी आतून खुर्ची आणली होती, ती त्यांनी हातानंच परत न्यायला सांगितली आणि उशाकडचं पांघरूण ओढून बाजेवर जागा केली. भिंतीला टेकून बसायची ती जागा मन्मथची होती. भिंतीचा रंग तिथं त्याच्या पाठीनं गेलेला आहे, मला तो दिसला.

मी तिथंच टेकलो. समोर दोन्ही मेंढ्या अजून उभ्या होत्या.